गर्भपाताची गोळी : घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

रेडिओचा आवाज थोडा बारीक करायचा असेल तर करा, पण बंद करू नका. आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो आपल्याकडे पदराआड, कुजबुजत बोलला जातो. पाळी चुकते. दिवस गेलेत हे कळतं. मूल आत्ता नको असतं. मग कुणीतरी सांगतं, "मेडिकलमध्ये किट मिळतं, पाच गोळ्या असतात. घे आणि मोकळी हो." त्या पाच गोळ्यांविषयी आज बोलू या.

आम्ही काही डॉक्टर नाही. आमचं काम बचत गटांचं, म्हणजे हप्ते, पासबुकं, इतिवृत्त आणि बँकेच्या चकरा. तरी हा विषय का घेतला, ते आधी सांगतो.

आमच्या एका गटात एक ताई आहे. तिच्या परवानगीनं सांगतोय, नाव-गाव मात्र सांगणार नाही. तिला दोन मुलं, धाकटं दीड वर्षाचं. पावसाळ्यात एका मीटिंगला तिनं दीड हजार रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. गटाच्या नियमाप्रमाणं आम्ही सगळ्यांसमोर विचारलं, "कशासाठी?" ती जरा वेळ खाली बघत बसली. मग म्हणाली, "राहू द्या, नको." आम्ही पुढचा विषय घेतला.

पाच आठवड्यांनी ती मीटिंगला आली तेव्हा भिंतीला टेकूनच बसली. सही करायला तिला उठवेना. आमच्या आशाताई त्याच गटाच्या सभासद आहेत. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तर आतून पांढरीफटक. बाजूला नेऊन विचारलं तेव्हा कळलं, महिना होत आला, अंगावरून जातंय. जुन्या लुगड्याच्या घड्या घेऊन ती रोज खुरपायला जात होती. नवऱ्यानं तालुक्याच्या एका दुकानातून विनाचिठ्ठी किट आणलं होतं, आणि तिनं पाचही गोळ्या एकदम घेतल्या होत्या.

108 ची गाडी बोलावली. गाडीत ती आम्हाला म्हणाली, "दुकानदार म्हणाला होता, गोळीचं बोललात तर पोलीस केस होईल." आणि आम्ही काय केलं? आम्हीही म्हणालो, "मग नको बोलूस." दवाखान्यात तिनं सांगितलं, "पाळीच जास्त जाते." डॉक्टर त्या वाटेनं विचार करायला लागले. शेवटी एका सिस्टरनं आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, ताईला एकटीला विचारलं, आणि तिनं खरं सांगितलं. गर्भाचा काही भाग पिशवीत राहिला होता. हिमोग्लोबिन 6 वर आलं होतं. पिशवी साफ करावी लागली, दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. नंतर कॅलेंडर पुढं ठेवून दिवस मोजले, तेव्हा लक्षात आलं की गोळ्या घेतल्या तेव्हा तिला अकरावा आठवडा लागला होता.

ताई आता बरी आहे. पण त्या महिन्याभरात ज्या चुका झाल्या, त्यातल्या दोन आमच्या होत्या. एक, सगळ्यांसमोर "कशासाठी" विचारलं ती. आणि दुसरी, गाडीत "नको बोलूस" म्हणालो ती. म्हणून हे आजचं बोलणं.

ती एकटी नव्हती

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं इतर संशोधकांबरोबर एक मोठा अभ्यास केला. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात 2015 या एका वर्षात आपल्या देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले असा अंदाज आहे. त्यातले शंभरातले 81 गोळ्यांनी झाले. आणि शंभरातले 73 असे, की ज्यात गोळ्या दवाखान्याबाहेरून मिळवून घेतल्या होत्या. म्हणजे आपल्या ताईनं केलं ते काही जगावेगळं नव्हतं. आपल्या आजूबाजूला किती जणींनी हे केलं असेल आणि कुणाला सांगितलं नसेल, याचा विचार करा.

गोळी वाईट आहे का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत. योग्य दिवसांत, योग्य बाईला, योग्य पद्धतीनं दिली तर शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त जणींचा गर्भपात गोळ्यांनीच पूर्ण होतो. त्रास होतो तो दिवस न मोजता, तपासणी न करता घेतल्यामुळं आणि नंतरचं दुखणं अंगावर काढल्यामुळं.

कोणती गोळी कशाची?

इथं फार गोंधळ होतो, म्हणून आधी नावं वेगळी करू. माला-एन ही रोज घ्यायची गोळी, दिवस जाऊ नयेत म्हणून. छाया ही आठवड्याची गोळी, तिचंही काम तेच. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची असते ती तातडीची गोळी. तीही दिवस जाऊ नयेत म्हणूनच असते. एकदा दिवस गेल्यावर तिचा उपयोग नाही. या तिन्हीतली एकही गर्भपाताची गोळी नाही.

गर्भपाताच्या किटमध्ये दोन औषधं असतात. पहिलं मिफेप्रिस्टोन, एक गोळी. दुसरं मिझोप्रोस्टॉल, चार गोळ्या. गर्भ टिकवून धरायला शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक लागतं. पहिली गोळी त्याचं काम थांबवते, त्यामुळं गर्भाची पकड सुटायला लागते. एक-दोन दिवसांनी दुसरं औषध द्यायचं, ते गर्भपिशवीला कळा आणतं आणि आतलं बाहेर टाकतं. म्हणजे आधी गाठ सैल करायची आणि मग ओढायचं. पाचही गोळ्या एकदम घेतल्या की हा क्रमच मोडतो. दोन्हींमधलं अंतर किती ठेवायचं आणि दुसरं औषध कसं घ्यायचं, हे डॉक्टर सांगतील तसंच करायचं.

घेण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : किती दिवस झाले?

आपल्याकडे कायद्यानं आणि औषधाच्या मान्यतेनं ही गोळी 9 आठवड्यांपर्यंत, म्हणजे 63 दिवसांपर्यंत देता येते. पण हे दिवस कुठून मोजायचे? इथं बहुतेकींचं चुकतं. आपण पाळी चुकली त्या तारखेपासून मोजतो. डॉक्टर मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. समजा, शेवटची पाळी 5 जूनला आली होती. पुढची 3 जुलैला यायला हवी होती, ती आली नाही. आज 31 जुलै. आपण म्हणतो, चार आठवडे झाले. डॉक्टरांच्या हिशेबानं 56 दिवस, म्हणजे आठ आठवडे भरले. आपल्या हातात एकच आठवडा राहिला आणि आपण समजतो, अजून महिना आहे.

जास्त दिवसांत गोळी घरी घेतली तर रक्त जास्त जाऊ शकतं आणि काही भाग आत राहण्याची शक्यता वाढते. म्हणून पाळीची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवायची सवय लावा. दुधाचा हिशेब मांडतो तसाच. पाळी चार-आठ दिवस पुढं गेली की तपासणी करून घ्या. लघवीच्या तपासणीचं 'निश्चय' किट आशाताईंकडे असतं.

नऊ आठवडे उलटून गेले असतील तर घाबरू नका, पण घरी गोळ्याही घेऊ नका. बारा आठवड्यांपर्यंत नळीनं ओढून पिशवी रिकामी करण्याची पद्धत आहे, ती थोड्या वेळात होते. त्यापुढंही कायद्यानं वाट आहे, पण ती दवाखान्यातच.

दुसरा प्रश्न : गर्भ कुठं आहे?

शंभर गरोदरपणांत एक-दोन वेळा गर्भ पिशवीत न राहता बाहेर, बहुतेक वेळा नळीत राहतो. पाळी चुकते, तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा येतात, बाकी सगळं तसंच दिसतं. पण अशा वेळी गर्भपाताच्या गोळीचा उपयोग होत नाही. थोडंफार रक्त जातं, बाईला वाटतं काम झालं, आणि आत नळीतला गर्भ वाढत राहतो. नळी फुटली तर पोटात रक्त साठतं आणि जीव जाऊ शकतो. एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखणं, खांद्यात कळ, डोळ्यांपुढं अंधारी, अशी लक्षणं असतील तर एक तासही थांबू नका. हे दुकानदाराला बघून कळत नाही. डॉक्टर हातानं तपासतात आणि शंका असेल तर सोनोग्राफी करतात.

तिसरा प्रश्न : अंगात रक्त किती आहे, आणि दुसरं काही दुखणं आहे का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी तशा असायच्या. या गोळ्यांनी पाळीपेक्षा जास्त रक्त जातंच. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला ते झेपणार कसं? हिमोग्लोबिन 8 पेक्षा कमी असेल तर ही गोळी देत नाहीत. बोटाला टोचून केलेली तपासणी उपकेंद्रातही होते, तिला वेळ लागत नाही.

तांबी बसवलेली असताना दिवस गेले असतील तर आधी तांबी काढावी लागते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, जखम झाली की रक्त लवकर थांबत नसेल, दम्यासाठी किंवा दुसऱ्या दुखण्यासाठी बरेच दिवस स्टिरॉइड घेत असाल, फिट येत असतील, हृदयाचं, यकृताचं, मूत्रपिंडाचं दुखणं असेल, बीपी आटोक्यात नसेल, तर ते डॉक्टरांना सांगायचंच. आधी सिझर झालं असेल तर तेही सांगा. सिझर झालं म्हणून गोळी बंद असं नाही, पण डॉक्टरांना माहीत हवं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागतं का, ते तेच ठरवतील.

गोळी घेतल्यावर काय होतं?

साधारण तीन वेळा दवाखान्याशी संबंध येतो. पहिल्या दिवशी तपासणी होते, सही होते आणि पहिली गोळी मिळते. त्या दिवशी बहुतेकींना फारसं काही होत नाही. कुणाला मळमळतं, कुणाला थोडं लाल दिसतं. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दुसरं औषध. तेव्हा दवाखान्यात थांबायचं की घरी घ्यायचं, ते डॉक्टर बाईची तब्येत आणि घर किती लांब आहे ते बघून ठरवतात. घरी घेणार असाल तर सोबत कुणीतरी हवं आणि रात्री गाडी मिळेल याची खात्री हवी. तिसरी भेट पंधराव्या दिवशी. गर्भपात पूर्ण झाला की नाही, ते तेव्हा बघतात. बरं वाटतंय म्हणून बऱ्याच जणी ही भेट चुकवतात. चुकवू नका.

दुसऱ्या औषधानंतर काही तासांत पोटात कळा येतात आणि रक्त जायला लागतं. पाळीपेक्षा जास्त जातं, गाठीही पडतात. काहींना थंडी वाजते, अंग गरम होतं, उलटी किंवा जुलाब होतात. हे औषधाचे परिणाम आहेत, एका दिवसात उतरतात. जास्तीचं रक्त काही तासांनी कमी होतं. नंतर आठ-पंधरा दिवस थोडं थोडं जात राहतं, डागही दिसतात. हे चालतं.

त्या दिवशी पाण्याचे हंडे, खुरपणी, मोळी काही नको. दुखण्यावर कोणती गोळी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं तर बरं वाटतं. कापड वापरत असाल तर ते धुऊन उन्हात वाळवलेलं असू द्या. रक्त थांबेपर्यंत संबंध नको, आणि आत काहीही घालायचं नाही.

कधी थांबायचं नाही

आता सांगतो ते मुलीला, सुनेला, जावेला सांगून ठेवा. भिंतीवर लिहून ठेवलंत तरी चालेल.

तासाला दोन जाड पॅड पूर्ण भिजतात, आणि असं सलग दोन तास चाललंय, तर दवाखाना. कापडाच्या जाड घड्यांनाही हाच हिशेब.

दुसरं औषध घेऊन एक दिवस उलटला तरी ताप उतरत नाही, किंवा नंतर ताप चढतो, तर दवाखाना.

अंगावरून घाण वासाचं जातं, पोट हात लावू देत नाही इतकं दुखतं, तर दवाखाना.

चक्कर येते, उभं राहवत नाही, घाम फुटतो, तर दवाखाना.

आणि उलटंही लक्षात ठेवा. दुसरं औषध घेऊन 24 तास झाले आणि रक्त गेलंच नाही, किंवा थोडंच गेलं आणि मळमळ, छाती जड वाटणं तसंच चालू आहे, तरीही दवाखाना. याचा अर्थ गर्भ अजून असू शकतो, कदाचित नळीतही. गोळी घेऊन गर्भ राहिला तर त्या बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. अर्ध्यावर सोडून "आता राहू दे" म्हणायचं नाही.

गाडी नसेल तर 108 ला फोन करा. गाडी फुकट येते, रात्रीही येते.

आणि दवाखान्यात पोचल्यावर खरं सांगा. आम्ही त्या दिवशी जे केलं ते तुम्ही करू नका. कोणती गोळी, किती, कोणत्या तारखेला घेतली, हे कळलं तर डॉक्टर थेट उपचाराला लागतात. पाकीट असेल तर घेऊन जा. जीव धोक्यात असलेल्या माणसावर आधी उपचार करायचे, हे देशातल्या प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सर्वोच्च न्यायालयानं तसं 1989 मध्येच सांगितलं आहे. आणि विचार करा, चिठ्ठीशिवाय किट विकणं हाच मुळात गुन्हा. तो केला दुकानदारानं, आणि पोलिसांची भीती मात्र घातली ताईच्या गळ्यात.

पिशवी साफ करायची वेळ आलीच तर विचारा, "नळीनं ओढून करणार ना?" पूर्वी लोखंडी चमच्यासारख्या हत्यारानं खरवडायचे, त्याला आपण क्युरेटिंग म्हणतो. आता ओढून घेण्याची पद्धत जास्त सुरक्षित मानतात.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात 1971 पासून गर्भपाताचा कायदा आहे. 2021 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आपल्यापुरतं त्यातलं एवढं लक्षात ठेवू.

बाईच्या जिवाला धोका, तिच्या शरीराला किंवा मनाला होणारी इजा, बाळात गंभीर व्यंग, बलात्कार, किंवा कुटुंबनियोजनाचं साधन फसणं, या कारणांसाठी 20 आठवड्यांपर्यंत एका मान्यताप्राप्त डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. साधन फसण्याचं कारण आता लग्न न झालेल्या बाईलाही लागू आहे. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ती मुभा काही ठरावीक परिस्थितींतल्या बायकांना आहे, जसं बलात्कार झालेली, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली. एकट्या, अविवाहित बाईलाही ती नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं.

सही फक्त बाईची लागते. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला नवऱ्याची, सासूची, वडिलांची सही कायद्यानं लागत नाही. कुणी मागितली तर हे सांगा. मुलगी अठराच्या आत असेल तर पालकांची संमती लागते.

नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. कायद्यानं परवानगी असलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला नाव सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

पाटीवर 'डॉक्टर' लिहिलेला प्रत्येक जण हे करू शकत नाही. त्यासाठी ॲलोपॅथीचं शिक्षण आणि या विषयाचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथं चौकशी करा. कुठं सोय आहे ते आशाताईंना, सिस्टरना माहीत असतं.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. गर्भलिंग तपासणी हा वेगळा विषय आहे आणि तो गुन्हा आहे, 1994 च्या कायद्यानं. मूल आत्ता नको म्हणून गर्भपात करणं वेगळं, मुलगी आहे म्हणून पाडणं वेगळं. नऊ आठवड्यांत सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतच नाही. म्हणून "तपासलं, मुलगी आहे, आता या गोळ्या घे" असं कुणी म्हणत असेल तर दिवस कितीतरी पुढं गेलेले असतात. त्या दिवसांत घरी गोळ्या घेणं म्हणजे बाईचा जीव पणाला लावणं आहे. घरात असं बोलणं निघालं तर आशाताईंना सांगा, आम्हाला सांगा.

मीटिंगमध्ये विचारलेले प्रश्न

"पुढं मूल होईल का?" होईल. नीट झालेल्या गर्भपातानं वांझपण येत नाही. जंतुसंसर्ग झाला आणि तो अंगावर काढला तर मात्र नळ्या खराब होऊ शकतात.

"पपई, गूळ, तीळ खाल्ले तर काम होत नाही का?" नाही. त्यात दिवस वाया जातात आणि नववा आठवडा निघून जातो. काडी, मुळी आत घालण्याचे प्रकार तर कधीच नको. त्यानं सेप्टिक होतं, धनुर्वात होतो, पिशवीला भोक पडतं.

"मूल अंगावर पितंय, मग?" डॉक्टरांना आधी सांगा. औषध घेतल्यावर काही तास पाजू नको, असं ते सांगू शकतात. आधीच दूध काढून ठेवता येतं. पाजणं कायमचं तोडायची गरज नसते.

"लगेच परत दिवस जातात का?" जाऊ शकतात. पुढच्या पाळीची वाट बघत बसू नका. गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांतच पुन्हा बीज सुटू शकतं. गोळी किंवा अंतरा इंजेक्शन दुसऱ्या औषधाच्या दिवशीच सुरू करता येतं. तांबी पंधराव्या दिवशी, गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर बसवता येते. ही साधनं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. आणि निरोध व पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ही साधनंही आहेत बरं का. दर वेळी बाईनंच का सोसायचं, हे घरात एकदा बोलून बघा.

नंतरचे दोन-तीन महिने लोहाच्या गोळ्या चुकवू नका. जेवणाबरोबर लिंबू पिळून घ्या, नाचणी, पालेभाजी, कडधान्यं खा. जेवल्या जेवल्या चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही.

आमच्या गटानं काय केलं?

ताई दवाखान्यातून आल्यावर तिनंच आम्हाला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कशाला म्हणून विचारलं नसतं, तर मी दवाखान्यात गेले असते." आमच्याकडं उत्तर नव्हतं. पुढच्या मीटिंगला तिची गोष्ट न सांगता आम्ही तीन ठराव मांडले.

पहिला, दवाखान्यासाठी दोन हजारांपर्यंत कर्ज हवं असेल तर कारणाच्या रकान्यात फक्त 'आरोग्य' लिहायचं. कुणी पुढं विचारायचं नाही. दुसरा, असं कर्ज मीटिंगची वाट न बघता अध्यक्ष आणि सचिवांनी त्याच दिवशी द्यायचं. तिसरा, पैशांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवायचा. त्यावर आशाताईंचा नंबर, 108, आणि रात्री गाडी काढेल अशा एका माणसाचा नंबर.

पहिल्या ठरावावर वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, "कारण न विचारता पैसे दिले तर हिशेब कसा राहणार?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, गट हिशेबावरच चालतो. मग ठरलं की परतफेडीचा हप्ता आणि तारीख इतर कर्जासारखीच लिहायची. हिशेब पैशांचा ठेवायचा, बाईच्या पोटाचा नाही. ठरावावर मावशींनीही सही केली.

तेव्हापासून त्या रकान्यात चार वेळा 'आरोग्य' लिहिलं गेलं आहे. कशासाठी, ते आम्हाला माहीत नाही. चौघींचेही हप्ते वेळेवर येतात.

तुमच्या गटात पुढच्या मीटिंगला हा ठराव मांडून बघा. आणि ते तीन प्रश्न पाठ करा : किती दिवस झाले, गर्भ कुठं आहे, अंगात रक्त किती आहे. त्यांची उत्तरं हातात नसतील तोवर गोळी तोंडात नको.

आता रजा घेतो. नमस्कार.